मॉन्सल ट्रेल आणि हेडस्टोनचा कमानपूल : पुण्याहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मँचेस्टर, शेफील्ड, डर्बी किंवा नॉटिंगहॅम येथे मुलांकडे राहायला जाणारे पुणेकर निघण्यापूर्वी आणि तिथे पोहोचल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा पूल नेमका कुठे आहे आणि तिथे पाहण्यासारखे काय आहे?

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशर परगण्यात पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातील बेकवेल या गावाच्या वायव्येला वाय नदीच्या अरुंद, नागमोडी दरीवर मिडलँड रेल्वेने १८६३ मध्ये पाच कमानींचा दगडी पूल बांधला, तोच हेडस्टोनचा पूल. लंडन आणि मँचेस्टर यांना जोडणाऱ्या लोहमार्गाचा तो भाग होता. आता त्यावर रूळ नाहीत. बेकवेलजवळच्या कूम्ब्स रोडपासून ब्लॅकवेल मिलपर्यंत जाणारा सुमारे १३.७ किलोमीटरचा मॉन्सल ट्रेल हा पायी व सायकलने जाण्याचा मार्ग या पुलावरून जातो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पुढची बरीच उत्तरे तिच्यावर अवलंबून आहेत. पुलावर उभे राहिल्यावर पूल दिसत नाही. दिसतात ते दोन्ही बाजूंचे कठडे, खालची नदी आणि समोरचा डोंगर. पाच कमानी आणि नदीचे वळण एका नजरेत पाहायचे असेल, तर मॉन्सल हेड या वरच्या कड्यावर जावे लागते. बहुतेक लोक तिथे मोटार थांबवून छायाचित्र काढतात आणि निघून जातात, तर काही सायकलस्वार पुलावरून झपाट्याने पुढे जातात. पूल वरून पाहणे आणि त्यावरून चालणे या दोन्हींसाठी वेळ राखून ठेवला, तरच एवढ्या लांब आल्याचे सार्थक होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२. एवढा भक्कम पूल बांधून रेल्वे बंद का केली?

हा पूल उभा राहिला तेव्हाच त्याच्यावरून वाद झाला होता. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी या लोहमार्गावर कडाडून टीका केली. बक्सटन या जवळच्या गावातल्या कोणत्याही मूर्खाला अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलमधल्या मूर्खाला तितक्याच वेळात बक्सटनला पोहोचता यावे, एवढ्यासाठी एक देखणी दरी नासवली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आज तोच पूल संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे आणि त्या दरीच्या छायाचित्रांत दरीपेक्षा पुलालाच अधिक जागा मिळते. रस्किन यांची बाजू मात्र अगदीच टाकाऊ नव्हती. मॉन्सल हेडवरून पाहताना पुलाशिवाय ही दरी कशी दिसत असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

मोटारी आणि मालमोटारी वाढल्यावर ब्रिटनमधील अनेक लोहमार्ग तोट्यात गेले. १९६० च्या दशकात तेथे हजारो किलोमीटरचे मार्ग बंद झाले आणि या दरीतून जाणारा मार्ग १९६८ मध्ये त्यांच्यात गेला. रूळ उखडले गेले, पण पूल, बोगदे आणि खोदलेल्या खिंडी तशाच राहिल्या. पुढे राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने हा पट्टा ताब्यात घेतला आणि १९८१ मध्ये तो चालण्यासाठी खुला केला. बोगद्यांचे काम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाले. त्याविषयी प्रश्न ७ पाहावा.

३. तिकीट किती आहे आणि किती वाजेपर्यंत प्रवेश मिळतो?

तिकीट नाही, फाटक नाही आणि प्रवेशाची वेळही नाही. मार्ग वर्षभर खुला असतो. पैसे लागतात ते मोटार उभी करण्याचे, आणि ते वाहनतळानुसार बदलतात.

४. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर असतात. आम्ही दोघेच, मोटारीशिवाय जाऊ शकतो का?

जाऊ शकता, आणि फारसे अवघडही नाही. शेफील्डहून बेकवेलला थेट बस आहे. डर्बीहून मॅटलॉक आणि बेकवेलमार्गे बक्सटनकडे जाणारी ट्रान्सपीक बस आहे. नॉटिंगहॅमहून निघणाऱ्यांनी आधी रेल्वेने डर्बी गाठावे. मँचेस्टरहून बक्सटनपर्यंत रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येते आणि तिथून बेकवेलची बस घेता येते. बक्सटन स्थानकातून थेट ट्रेलवर पाऊल ठेवता येईल, असा समज बऱ्याच जणांचा असतो, परंतु ट्रेलचे पश्चिम टोक बक्सटनपासून काही किलोमीटर दूर आहे आणि मधल्या ए-६ या रस्त्यावर अवजड वाहनांची सतत वर्दळ असते. त्या रस्त्याने पायी जाण्याचा विचार करू नये.

बेकवेलमध्ये बसमधून उतरल्यावर वाय नदीवरचा जुना दगडी पूल ओलांडून चढाच्या रस्त्याने जुन्या रेल्वे स्थानकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते. तिथून पुढचा मार्ग जवळजवळ सपाट आहे. परतीच्या बसची वेळ सकाळीच पाहून ठेवावी, कारण रविवारी आणि सायंकाळनंतर गाड्या कमी असतात. दरीत मोबाइलची रेंज भरवशाची नसल्यामुळे वेळापत्रकाचे छायाचित्र काढून ठेवलेले बरे.

ज्येष्ठ नागरिकांना तिथे बसप्रवास मोफत असतो, असे कोणीतरी सांगते आणि मग बसमध्ये अवघडल्यासारखे होते. तो पास इंग्लंडमध्ये कायम राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी असतो. पाहुणे म्हणून गेलेल्यांना तो मिळत नाही, त्यामुळे तिकीट काढावे.

५. गुडघे दुखतात. मॉन्सल हेडवरून पुलावर उतरता येईल का?

उतरता येते, पण सल्ला विचाराल तर उतरू नये. मॉन्सल हेडपासून पुलापर्यंतची पायवाट अंतराने थोडी असली, तरी ती तीव्र उताराची, काही ठिकाणी पायऱ्यांची आणि पावसानंतर निसरडी असते. उतरताना त्रास होतो आणि वर येताना दम लागतो. ज्यांना पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढता येतात, त्यांना ही वाट जड जाणार नाही. ज्यांनी त्या चढणे सोडून दिले आहे, त्यांनी वरून पूल पाहावा आणि मग मोटारीने ट्रेलवरच्या हॅसॉप किंवा बेकवेल या जुन्या स्थानकावर जाऊन तिथून सपाट मार्गाने पुलाकडे चालत यावे.

बेकवेल स्थानकापासून पूल पाच ते सहा किलोमीटर आहे. हॅसॉपपासून त्याहून थोडा कमी. जाऊन-येऊन हे अंतर जास्त वाटत असेल, तर मधले ग्रेट लाँगस्टन हे जुने स्थानक गाठून तिथून सुरुवात करता येते. या बाजूने येण्याचा एक फायदा वरून उतरणाऱ्यांना मिळत नाही: मॉन्सल हेडच्या पोटातून गेलेल्या हेडस्टोन बोगद्याचे तोंड थेट पुलावर उघडते. जवळजवळ अर्धा किलोमीटर अंधुक उजेडात चालून आल्यावर बोगदा संपतो आणि दुसऱ्याच क्षणी दोन्ही बाजूंना खोल दरी असते. रेल्वेच्या डब्यात बसलेल्या प्रवाशाला हे जेमतेम काही सेकंद दिसत असेल. पायी येणाऱ्याला तिथे हवे तितके थांबता येते.

६. संपूर्ण मार्ग एका दिवसात होतो का?

सायकलने सहज होतो. मध्येमध्ये थांबत, जाऊन-येऊन साधारण सत्तावीस किलोमीटर म्हणजे तीन ते चार तास धरावेत. जुना लोहमार्ग असल्यामुळे चढ कुठेच अंगावर येत नाही, पण बेकवेलकडून पश्चिमेला जाताना मार्ग हळूहळू वर जातो. म्हणून पूर्वेकडून सुरुवात केली, तर थकलेल्या पायांना परतीचा उतार मिळतो.

पायी जाणाऱ्यांनी पूर्ण मार्गाचा हट्ट धरू नये. बेकवेल किंवा हॅसॉपपासून पुलापर्यंत आणि परत, किंवा पुलाच्या पश्चिमेला असलेल्या मिलर्स डेल या जुन्या स्थानकापासून पुलापर्यंत आणि परत, यांपैकी एक निवडावे. मिलर्स डेल ते पूल हे अंतर चार ते साडेचार किलोमीटर आहे आणि आमच्या मते संपूर्ण ट्रेलचा सर्वांत देखणा भाग तोच आहे. त्यात क्रेसब्रुक आणि लिटन हे दोन बोगदे येतात आणि बोगद्यांच्या मधल्या मोकळ्या भागातून खाली सूतगिरण्यांच्या जुन्या इमारती दिसतात. औद्योगिक क्रांतीच्या काळात येथील लिटन मिल अनाथ मुलांना राबवून घेण्यासाठी कुप्रसिद्ध होती. मिलर्स डेल येथे एकमेकांना लागून दोन रेल्वेपूल आहेत. वाहतूक वाढल्यामुळे त्यांपैकी दुसरा १९०५ मध्ये बांधावा लागला. हे पूल लोखंडी असल्यामुळे हेडस्टोनच्या दगडी पुलापेक्षा अगदी वेगळे दिसतात.

७. माझे बंधू २००८ मध्ये तिथे गेले होते. ते म्हणतात की बोगदे बंद आहेत आणि डोंगर चढून पलीकडे जावे लागते. खरे काय?

बंधूंनी तेव्हा पाहिले ते बरोबरच होते. १९८१ मध्ये मार्ग खुला झाला, तरी मोठे बोगदे सुरक्षिततेच्या कारणास्तव बंदच ठेवले होते आणि प्रत्येक बोगद्यापाशी ट्रेल सोडून डोंगरातल्या पायवाटेने वळसा घालावा लागत असे. त्यामुळे सायकलस्वारांना सलग मार्ग असा उपलब्धच नव्हता. सुमारे साडेबावीस लाख पौंड सरकारी निधीतून दुरुस्ती करून आणि दिवे बसवून हे बोगदे मे २०११ मध्ये खुले करण्यात आले. जुन्या प्रवासवर्णनांत आणि नातेवाइकांच्या आठवणींत २०११ पूर्वीची माहिती अजून फिरत असते, म्हणून हा प्रश्न संपत नाही.

८. बोगद्यात अंधार असतो का? एकटीने जाणे सुरक्षित आहे का?

मोठे चार बोगदे प्रत्येकी साधारण चारशे मीटरच्या आसपास लांबीचे आहेत. त्यांतला हेडस्टोन सुमारे ४८७ मीटरचा आहे. दिवसा आत दिवे असतात. ते झगझगीत नसतात, पण वाट आणि समोरून येणारी माणसे स्पष्ट दिसतात. दिवे सायंकाळी बंद होतात आणि हिवाळ्यात सायंकाळ फार लवकर होते (प्रश्न ११ पाहावा). त्यामुळे उशीर होण्याची थोडीही शक्यता असेल, तर विजेरी जवळ बाळगावी. मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नये, दमट थंडीत बॅटरी किती टिकेल हे सांगता येत नाही. छतातून पाणी ठिबकते आणि उन्हाळ्यातही आत गारवा असतो, म्हणून एक जाकीट हातात असू द्यावे. काळा चष्मा लावून आत शिरणारे काही पावलांतच चाचपडू लागतात, तेव्हा तो आधीच काढावा.

सुटीच्या दिवशी मार्गावर भरपूर वर्दळ असते. हिवाळ्यातल्या आडवारी मात्र बराच वेळ कोणी भेटत नाही, हे लक्षात घेऊन एकट्याने जाण्याचा निर्णय घ्यावा आणि घरी वेळ सांगून ठेवावी. आणीबाणीत ९९९ किंवा ११२ हा क्रमांक लावावा.

९. सायकल भाड्याने मिळते का? परवाना, हेल्मेट यांचे नियम काय आहेत?

हॅसॉप स्थानकावर आणि पश्चिमेला ब्लॅकवेल मिल येथे भाड्याच्या सायकली मिळतात. शाळांच्या सुट्यांत आणि शनिवार-रविवारी आधी नोंदणी करावी. साध्या सायकलीला परवाना लागत नाही. प्रौढांना हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही, पण अनेक वर्षांनी सायकलवर बसणाऱ्याने ते घालावे.

विजेची सायकल चालते, पण तिची मोटर २५० वॉटपर्यंतची असली पाहिजे, मोटरची मदत ताशी सुमारे २५ किलोमीटरला थांबली पाहिजे आणि चालवणारा किमान १४ वर्षांचा असला पाहिजे. नातवाची स्वतःची विजेची स्कूटर मात्र अजिबात नेऊ नये; तिथे खासगी ई-स्कूटर सार्वजनिक वाटेवर चालवणे बेकायदा आहे.

मार्गावर पादचारी, सायकलस्वार, व्हीलचेअरवरचे लोक आणि घोडेस्वार असे सगळेच असतात. मागून येताना घंटी एकदाच, लांबून आणि हलकेच वाजवायची, वेग कमी करायचा आणि वाट मिळाल्यावर आभार मानायचे, ही तिथली रीत आहे. लक्ष्मी रस्त्यावर घंटी सतत वाजवून वाट काढण्याची सवय झालेल्यांनी ती सवय पुण्यातच ठेवावी. घोड्याच्या मागून जाताना घंटीने तो बिचकू शकतो, म्हणून आधी बोलून जाणीव द्यावी आणि स्वाराने खूण केल्यावरच पुढे जावे.

१०. आई व्हीलचेअरवर असते. तिला पुलापर्यंत नेता येईल का?

होय. ट्रेलचा पृष्ठभाग दाबून बसवलेला आणि रुंद आहे. बेकवेल, हॅसॉप आणि मिलर्स डेल ही स्थानके सुरुवातीसाठी सोयीची आहेत. मॉन्सल हेडकडून व्हीलचेअर उतरवणे शक्य नाही. तिथे केवळ वरून पाहता येईल आणि त्यासाठी वाहनतळापासून फार चालावे लागत नाही. ढकलणाऱ्याने जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर ढकलावे लागेल याचा विचार करून सोबतीला दुसरे कोणीतरी घ्यावे. लहान मुलांच्या बाबागाडीलाही हीच माहिती लागू आहे.

११. कोणत्या महिन्यात जावे?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये मात्र दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या अखेरीस झाडी तांबूस होते आणि पूल फार छान दिसतो, पण त्या दिवसांत दुपारी बाराला घरातून निघणाऱ्यांची बोगद्यातच संध्याकाळ होईल. पाऊस कोणत्याही महिन्यात येतो. सह्याद्रीतल्यासारखा कोसळत नाही, पण दिवसभर रिमझिमतो आणि वारा असल्यामुळे छत्री निरुपयोगी ठरते. टोपी असलेला रेनकोट न्यावा. हिवाळ्यात सावलीच्या जागी बर्फाचा पातळ थर असू शकतो.

१२. आम्ही अंडेही खात नाही. खाण्याचे काय?

हॅसॉप आणि मिलर्स डेल या जुन्या स्थानकांत उपाहारगृहे आहेत. चीज घातलेला भाजका पाव, भाजलेला बटाटा आणि त्यावर बीन्स असे पदार्थ सहसा मिळतात. बेकवेल पुडिंग या गावच्या प्रसिद्ध पदार्थात अंडे असते, त्यामुळे ते तुमच्यासाठी नाही, आणि बदामाची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठीही नाही. सूपमध्ये मांसाचे पाणी नाही ना, हे स्वतंत्रपणे विचारावे. घरून थालीपीठ किंवा पोळी-भाजीचा डबा नेणे सर्वांत सोपे. वाटेत बसायला बाक आहेत. उरलेले अन्न आणि कचरा परत घरी न्यावा.

१३. चित्रपटात दिसणारा, वाफेच्या गाडीचा प्रसिद्ध पूल हाच का?

नाही. लोकांच्या मनात असतो तो बहुधा स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन येथील २१ कमानींचा काँक्रीटचा पूल, किंवा यॉर्कशरमधला रिबलहेड येथील २४ कमानींचा पूल. त्या दोन्हींवरून आजही गाड्या धावतात, म्हणून तिथे पूल खालून किंवा बाजूने पाहायचा असतो; त्यावर चालता येत नाही. वाफेच्या गाडीत बसण्याची हौस असेल, तर याच जुन्या मार्गाच्या दक्षिणेकडील तुकड्यावर, मॅटलॉकजवळ, पीक रेल ही वारसा रेल्वे चालवली जाते.

१४. पुण्याजवळ असा जुना रेल्वेपूल चालण्यासाठी खुला आहे का? खंडाळ्याच्या घाटातल्या पुलांवर जाता येईल का?

असा खुला केलेला पूल पुण्याजवळ नाही, आणि घाटातल्या पुलांवर जाऊ नये. प्रश्न मात्र योग्य आहे, कारण बोरघाटाचा लोहमार्ग आणि हेडस्टोनचा पूल ही दोन्ही कामे एकाच वर्षी, १८६३ मध्ये पूर्ण झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेला हा घाट कितीतरी अधिक अवघड होता. त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट असा होता आणि तो बांधताना हजारो मजूर साथीच्या रोगांनी व अपघातांनी दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि पुढचे काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी तडीस नेले. १८६७ मध्ये याच घाटातला एक दगडी कमानपूल कोसळला होता. वाय नदीच्या दरीतले काम पाहताना ही तुलना मनात ठेवली, तर दोन्ही ठिकाणच्या दगडकामाकडे अधिक बारकाईने पाहिले जाते.

खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवण्यासाठी बांधलेले स्थानक १९२९ मध्ये नव्या आखणीमुळे निकामी झाले आणि तो जुना भाग आजही अनेकांना खुणावतो. परंतु आजूबाजूला तीन मार्गांवर दिवसरात्र गाड्या धावतात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दूधसागरलाही रुळांवरून चालण्याबाबत हाच कायदा लागू आहे. बोरघाट पाहायचाच असेल, तर कर्जत ते लोणावळा हा टप्पा दिवसाच्या गाडीने खिडकीशी बसून करावा, किंवा खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून पाहावा. तिथूनही, मॉन्सल हेडप्रमाणेच, मार्गाची आखणी वरून समजते.

१५. ड्रोन उडवता येईल का? लग्नाआधीची छायाचित्रे काढता येतील का?

स्वतःसाठी साधी छायाचित्रे काढण्यास कोणतीही आडकाठी नाही. ड्रोनसाठी तिथल्या नागरी विमान वाहतूक नियमांनुसार नोंदणी लागते आणि जमीनमालकाची परवानगीही लागते. इथे मालक राष्ट्रीय उद्यानाचे प्राधिकरण आहे, म्हणून लेखी विचारल्याशिवाय ड्रोन नेऊच नये. छायाचित्रकार, दिवे आणि कपड्यांच्या बॅगा घेऊन येणाऱ्यांनीही आधी परवानगी घ्यावी. कठड्यावर बसून किंवा उभे राहून छायाचित्र काढण्याची परवानगी मागू नये, कारण खाली दरी आहे.

१६. सोसायटीतले पंचवीस जण मिळून गेलो तर?

चालायला हरकत नाही. भाड्याच्या पंचवीस सायकली एकदम मिळतील असे गृहीत धरू नये; आधी लिहून विचारावे. बस मॉन्सल हेडला नेल्यास तिथल्या मर्यादित जागेत ती उभी करणे अवघड जाते, त्यामुळे बेकवेल येथे उतरावे आणि ट्रेलवर पाच-सहा जणांचे गट करून, बोगद्यात एका बाजूने, एकामागे एक चालावे. बोगद्यात आवाज घुमतो. तिथे आरोळी देऊन प्रतिध्वनी ऐकण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो, पण पुढे घोडा आहे का हे पाहिल्याशिवाय तो मोह पुरा करू नये.

१७. तिथे पुन्हा रेल्वे सुरू होणार असे ऐकले. मग हा मार्ग बंद होईल का?

मँचेस्टर आणि पूर्व मिडलँड्स यांच्यातला हा दुवा पुन्हा जोडावा, अशी मागणी तिथे अनेक वर्षांपासून होत आहे आणि तिला ट्रेलच्या चाहत्यांचा विरोधही आहे. सध्या पुलावर पादचारी आणि सायकलस्वारच आहेत. जाण्यापूर्वी पाहायचे ते एवढेच, की दुरुस्तीसाठी एखादा बोगदा किंवा पूल तात्पुरता बंद नाही ना; तशी सूचना राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर दिली जाते.